बाटलीवर बागेचं नाव लिहा: इस्राएलच्या वाइन उत्पादकांना आणि निर्यातदारांना खुलं पत्र

आदरणीय मंडळी,

शालोम आणि सप्रेम नमस्कार.

मी इस्राएलच्या दक्षिणेतल्या नेगेव वाळवंटातल्या दिमोनाचा. 1971 साली आईवडिलांबरोबर रेवदंड्याहून इथे आलो तेव्हा सतरा वर्षांचा होतो. आधी बरीच वर्षं सूतगिरणीत काढली. गिरणी बंद पडल्यावर रामात हनेगेवमधल्या एका द्राक्षबागेत ठिबकच्या कामाला लागलो आणि छाटणी, तोडणी, फवारणी सगळं शिकत तिथूनच निवृत्त झालो. वाइनची पारख तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आहे. मला वेल कळते, आणि त्या वेलीच्या वतीने हे पत्र आहे.

पत्र मराठीत आहे याचं कारण साधं आहे. हिब्रू मी दिवसभर बोलतो, पण पोटातलं बोलायचं झालं की मराठीच येते. धाकटी मुलगी याचं हिब्रू करून तुमच्यापर्यंत पोचवणार आहे. तोवर माझ्या मराठी माणसांनी वाचावं, कारण द्राक्षाचा संसार त्यांच्याकडेही आहे.

कोकणात आम्हा बेने इस्राएलांना, म्हणजे तिथल्या यहुद्यांना, कोशेर (यहुदी धर्मनियमांनुसार केलेली) वाइन मिळत नसे. म्हणून शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, किद्दुशसाठी (पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेसाठी) घरोघरी मनुकांचं सरबत व्हायचं. शुक्रवारी सकाळी आजी काळ्या मनुका दोन पाण्यांनी धुऊन भिजत घालायची. दुपार कलली की हाताने कुस्करायची आणि मऊ सुती फडक्यातून गाळायची. फडकं जांभळं पडायचं आणि कितीही धुतलं तरी तसंच राहायचं. ते एकच फडकं, फक्त त्याच कामाचं. दिवे लागले की आजोबा पेला हातात घ्यायचे आणि त्या सरबतावर "बोरे पेरी हगाफेन", वेलीचं फळ निर्माण करणाऱ्या देवाची स्तुती, म्हणायचे. वेल आम्ही पाहिलेली नव्हती. आमच्या परसात नारळ आणि सुपारी.

दिमोनातल्या पहिल्या शुक्रवारी शेजाऱ्याने प्रेमाने खरी वाइन आणून दिली. एरेत्स इस्राएलची, इस्राएलच्या भूमीची, वाइन म्हणून वडिलांनी बाटली डोळ्यांना लावली. आणि ती आजीच्या सरबताहून गोड निघाली, चिकट, ओठाला ओठ चिकटेल अशी. वडील काही बोलले नाहीत. मला मात्र ते आठवत राहिलं, कारण जगाच्या मनात इस्राएलच्या वाइनची जी प्रतिमा बसली ती नेमकी त्या बाटलीची, आणि ती अजून पुरती पुसलेली नाही.

एवढ्या वर्षांत तुम्ही जे केलंत ते मी बागेतून पाहिलंय. म्हणून आधी त्याबद्दल मनापासून आभार मानतो आणि मग तक्रार करतो.

रिशोन लेत्सियोन 1882 मध्ये वसलं. बॅरन एडमंड द रोथशिल्ड यांनी फ्रान्सहून जाणकार आणि कलमं आणून तिथे आणि झिखरोन याकोव्हला तळघरं उभारली. त्यांच्या वडिलांनी 1868 मध्ये बोर्दोतलं शातो लाफीत विकत घेतलं होतं, तेव्हा वाइन म्हणजे काय हे त्या घराला सांगावं लागत नव्हतं. तरी फिलॉक्सेरा या किडीने वेली खाल्ल्या आणि अमेरिकन खुंटांवर पुन्हा कलमं बांधावी लागली. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात रिशोनच्या वाइनला सुवर्णपदक मिळालं. पुढे रशियात क्रांती झाली, अमेरिकेत दारूबंदी आली आणि निर्यातीचे दोन मोठे दरवाजे बंद झाले. उरलं ते मुख्यतः जगभरच्या यहुदी घरांचं शुक्रवारचं टेबल. त्या टेबलाला गोड वाइन हवी होती, स्वस्त हवी होती, आणि कारिन्यानसारखी भरघोस पिकणारी वेल ती देत होती. यात कुणाचा दोष आहे असं मी म्हणत नाही. शेतकऱ्याला जगायचं होतं.

बदल झाला तो उंचीमुळे. 1972 मध्ये कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठातले प्राध्यापक कॉर्नेलियस ऑफ इथे आले आणि गोलानची थंड हवा, तिथली ज्वालामुखीची माती वाइनच्या द्राक्षाला मानवेल असं सांगून गेले. 1976 मध्ये तिथे वेली लागल्या, 1983 मध्ये कात्सरिनला वाइनरी सुरू झाली, आणि 1984 च्या हंगामाच्या यार्डेन काबर्ने सोव्हिन्यॉनने 1987 मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत विनिआर्स्की ट्रॉफी जिंकली. त्यानंतर यहुदाच्या डोंगरात एली बेन झाकेन यांनी रामात राझिएलमधल्या घराशेजारी 1988 मध्ये वेली लावल्या आणि 1992 मध्ये पहिल्या 600 बाटल्या भरल्या. त्या जेरुसलेममध्ये खानावळ चालवणाऱ्या माणसाच्या 600 बाटल्या होत्या! त्यातली एक लंडनच्या लिलावगृहातल्या तज्ज्ञ बाईंपर्यंत पोचली आणि त्यांनी वाखाणली, तेव्हा सगळ्या देशातल्या लहान लहान माणसांच्या अंगात बळ आलं. आज यातीरच्या जंगलाकडेला, झोराच्या टेकड्यांवर, वरच्या गालीलमध्ये जी वाइन होते ती कुणाही देशाच्या पंगतीत बसेल. झोरा वाइनरीचे एरान पिक 2015 मध्ये मास्टर ऑफ वाइन झाले. ही परीक्षा जगात फार थोडे पास होतात.

आता तक्रार. मोठी मुलगी लंडनला असते. गेल्या खेपेस तिच्याकडे गेलो असताना कोशेर दुकानात शिरलो. मात्सोच्या (बेखमीर भाकरीच्या) खोक्यांशेजारी वाइनचं कपाट होतं. खालच्या फळीवर तीच जुनी गोड किद्दुश वाइन, आणि तिच्या वर, त्याच कपाटात, यहुदाच्या डोंगरातली एक उत्तम बाटली, किमतीला पाच-सहापट. पुढच्या चौकात वाइनचं मोठं दुकान होतं. तिथे फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्जिया आणि लेबनॉनसुद्धा होतं. आपलं काही नव्हतं. मालकाला विचारलं तर तो सौजन्याने म्हणाला, "ते कोशेर दुकानात मिळेल."

हे मला फार लागलं. आपल्या निर्यातीतला निम्म्याहून जास्त माल एकट्या अमेरिकेत जातो आणि तिथेही तो बहुतांशी कोशेर कपाटातच जाऊन बसतो. बाटलीत डोंगर आहे, माती आहे, एखाद्या माणसाची वीस वर्षं आहेत. आणि ती ओळखली जाते कोशेरच्या शिक्क्याने.

गैरसमज नको. मी शब्बाथ पाळणारा माणूस आहे, कोशेर माझ्यासाठी शिक्का नाही, घर आहे. बागेत नव्या वेलींचं तीन वर्षं फळ न घेता ओर्ला पाळली आहे. वेलींच्या ओळींत दुसरं पीक घ्यायचं नाही हे पाळलं आहे. 2021-22 चं श्मिता, म्हणजे दर सातवं, वर्ष आलं तेव्हा जमिनीच्या विसाव्यावरून बागेत झालेले वाद ऐकले आहेत. नव्या वाइनमधला दशांश म्हणून थोडी वाइन जमिनीवर ओतली जाते तेव्हा आमच्यातला एकही जण बोलत नसे. हे नियम वाइन बिघडवत नाहीत. चव बिघडू शकते ती वाइन तापवल्याने. तापवलेली, म्हणजे मेवुशाल, वाइन यहुदी नसलेल्या कुणीही वाढली तरी कोशेर राहते म्हणून अमेरिकेतल्या मेजवान्यांना ती हवी असते. त्या बाजारासाठी ती करा, जरूर करा. पण जी वाइन तुम्ही अभिमानाने पुढे करता, तिला त्या बाजाराच्या सोयीने वागवू नका.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्ही इथे आलो त्याआधी, साठच्या दशकात, बेने इस्राएल पुरते यहुदी आहेत की नाहीत यावर इथल्या धर्मपीठाने शंका घेतली होती. लग्नं अडली होती. आमच्या माणसांनी रस्त्यावर बसून 1964 मध्ये ती शंका मागे घ्यायला लावली. त्यामुळे 2018 मध्ये अधिक कडक कोशेर प्रमाणपत्रासाठी एका वाइनरीत इथिओपियाहून आलेल्या यहुदी कामगारांना, त्यांच्या यहुदीपणाच्या शंकेवरून, वाइनला हात लागेल अशा कामावरून बाजूला केल्याची बातमी आली, तेव्हा त्या रात्री मला झोप लागली नाही. मुख्य धर्मगुरूंपैकी एकांनी स्वतः त्याचा कडक निषेध केला, हे बरं झालं. पण प्रश्न तुम्हाला आहे. एका जास्तीच्या शिक्क्यापायी तोडणीच्या माणसाच्या हाताचा असा हिशोब करावा लागत असेल, तर तो बाजार महाग पडतो.

मग विकायचं कशाच्या नावावर? जागेच्या नावावर.

ऑगस्टमधली आमच्या बागेतली रात्र सांगतो. वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस. दिवसा मातीला हात लावला तर चटका बसतो. रात्री एक-दीडला तोडणी सुरू होते, कारण तेव्हा अंगावर जाकीट लागतं आणि घड थंड असतात. कपाळावर दिवा, हातात कात्री. घड डाव्या तळव्यात धरायचा, देठ कापायचा, क्रेटमध्ये टाकायचा नाही, ठेवायचा. पानांतून कोल्ह्याचे डोळे चमकतात. पहाटे चारच्या सुमाराला मणी इतके गार लागतात की बोटं बधिर होतात. सूर्य वर यायच्या आत ट्रक निघाला पाहिजे, नाहीतर रस क्रेटमध्येच आंबायला लागतो. पाणी ठिबकचं, त्यातही खाऱ्या विहिरींचं पाणी मिसळलेलं. किती द्यायचं आणि कधी तोडायचं हे ठरवण्यात माझी अर्धी नोकरी गेली. पाणी थोडं जास्त झालं की मणी फुगतो आणि चव पातळ होते, कमी पडलं की पान करपतं. दिवसाचा तो ताप आणि रात्रीचा हा गारवा या दोहोंमधून त्या द्राक्षाची साल जाड होते, आंबटपणा टिकतो. हे बोर्दोत होणार नाही.

आणि या द्राक्षांच्या बाटलीवर मागच्या बाजूला काय छापलं होतं? "इस्राएलचं उत्पादन", तीन शिक्के, आणि "लाल मांसाबरोबर उत्तम". बागेचं नाव नाही, गावाचं नाव नाही. ज्या टेकडीवर मी उभा होतो ती त्या कागदावर नव्हतीच.

आमच्या बागेपासून गाडीने थोड्याच अंतरावर अवदात आणि शिव्ता ही उजाड प्राचीन गावं आहेत. तिथे दगडात कोरलेले द्राक्ष तुडवायचे हौद आजही आहेत. बायझंटाइन काळात या वाळवंटातली वाइन गाझाच्या बंदरातून लांबट मडक्यांत भरून भूमध्य समुद्रापार जायची आणि युरोपात तिला "गाझाची वाइन" म्हणत. पुरातत्त्व खात्याने 2021 मध्ये यावनेला पंधराशे वर्षांपूर्वीचा केवढा मोठा कारखाना उघडा केला! पाच घाणे आणि वर्षाला सुमारे 20 लाख लिटर वाइनची क्षमता. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनवार तेली म्हणत. घाणा म्हटलं की माझं मन तिकडे जातं. पण मुद्दा असा की त्या काळी त्या वाइनला गावाचं नाव होतं. पंधराशे वर्षांपूर्वी जी गोष्ट जमत होती ती आज जमू नये?

नाव लिहायचं तर वेलही आपली हवी. काबर्ने आणि मर्लो सगळं जग करतं. हामदानी, म्हणजेच मारावी, ही पांढऱ्या द्राक्षाची जात या मातीत पिढ्यान् पिढ्या पॅलेस्टिनी शेतकऱ्यांनी खाण्यासाठी सांभाळली. शिवी द्रोरी यांच्या संशोधनाने तिच्याकडे वाइनवाल्यांचं लक्ष गेलं आणि रेकानाती वाइनरीने 2014 च्या हंगामापासून तिची वाइन काढली. बेथलेहेमजवळच्या क्रेमिसानच्या मठात तर हामदानी, दाबूकी आणि जंदाली यांची वाइन त्याआधीपासून होते. अवदातमध्ये सापडलेल्या जुन्या बियांचा जनुकीय अभ्यास हैफाच्या संशोधकांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात त्या बियांचं नातं आजही या भागात तग धरून असलेल्या जातींशी जुळलं. वोल्कानी या इथल्या शेती संशोधन संस्थेने कारिन्यान आणि सोझाओ यांच्या संकरातून काढलेली अर्गमान जात आहे. आणि ज्या कारिन्यानला आपण गोड वाइनसाठी राबवून बदनाम केलं, तिच्या म्हाताऱ्या, पाणी न दिलेल्या वेलींमधून आज काहीजण सुंदर वाइन करतात. जी वेल या उन्हात स्वतःच्या पायावर उभी राहते तिला पुढे करा. मात्र मारावी लिहिताना ती कुणी जपली हेही लिहा. शेतकऱ्याचं श्रेय शेतकऱ्यानेच खाऊ नये.

शेजारी पाहा. लेबनॉनच्या शातो मुसारचे सर्ज होशार यांनी यादवी युद्धाच्या काळात वाइन केली. 1976 चा हंगाम गेला, पण 1979 मध्ये ते ब्रिस्टलच्या वाइन मेळ्यात उभे राहिले आणि इंग्रजांनी ती वाइन उचलून धरली. त्यांनी बेका खोऱ्याचं नाव लोकांच्या तोंडी बसवलं. कारिन्यान त्यांच्याही वाइनमध्ये आहे. लेबनॉनचे डोंगर आणि आपला वरचा गालील यांच्यात जेमतेम एक कुंपण आहे.

जागेचं नाव लिहायचं तर ते खरं लिहावं लागेल. इथे मी थोडं कडू बोलणार आहे. गोलान 1967 च्या युद्धात सीरियाकडून घेतलेला भाग आहे, आणि अमेरिकेने 2019 मध्ये मान्यता दिली असली तरी जगातले बहुतेक देश तो आपला मानत नाहीत. वेस्ट बँकही ते आपली मानत नाहीत. युरोपियन न्यायालयाने 12 नोव्हेंबर 2019 ला निकाल दिला की तिथला माल युरोपात विकताना त्या प्रदेशाचं आणि वसाहतीचं नाव बाटलीवर आलं पाहिजे. त्यावर आपल्याकडे बराच राग व्यक्त झाला. मी रागावलो नाही. गिऱ्हाइकाला बाटली कुठून आली हे कळायचा हक्क आहे. ते कळल्यावर त्याने घ्यायची की नाही हा त्याचा निर्णय. जागा लपवून विकलेली बाटली एकदाच विकली जाते. तसंच उलट, 2023 मध्ये सुरू झालेल्या युद्धानंतरच्या या दिवसांत "इस्राएल" हा शब्द लहान करून "पूर्व भूमध्य" मोठं लिहावं असं कुणी सुचवेल. तेही करू नका. लेबनॉन सीमेलगतच्या बागांत 2024 चा हंगाम लोकांनी रॉकेटांच्या सावलीत काढला, कुठे कुठे तर बागेत जायलाही लष्कराची परवानगी लागत होती. त्या माणसांनी तोडलेल्या द्राक्षांवरून त्यांच्या गावाचं नाव पुसायचं?

आता भारताविषयी, कारण ठाण्यातला माझा भाचा दर दिवाळीला विचारतो, "मामा, तुमच्याकडची बाटली इथे का मिळत नाही?" भारतात परदेशी वाइनवर एकूण सीमाशुल्क 150 टक्के आहे, वर प्रत्येक राज्याचं उत्पादन शुल्क वेगळं. ऑस्ट्रेलियाने 2022 च्या करारात 5 अमेरिकी डॉलरच्या वरच्या बाटलीवर ते लगेच 100 टक्क्यांवर आणलं, 15 डॉलरच्या वरच्या बाटलीवर 75 वर, आणि पुढे दहा वर्षांत आणखी उतरत जाणार आहे. भारत आणि इस्राएल यांच्यातल्या व्यापार कराराचं बोलणं वर्षानुवर्षं चालू आहे. त्या यादीत वाइन वर आणा. तिथे कोशेर कपाट नाहीच, आमची माणसं आता तिकडे जेमतेम चार-पाच हजार उरली आहेत. तिथला गिऱ्हाईक चव आणि गाव विचारेल. नाशिकच्या लोकांनी "नाशिक व्हॅली वाइन" या नावाला भौगोलिक मानांकन घेऊन ठेवलं आहे, ते गाव विकतात. त्या नाशिकच्या बागाही ठिबकवरच उभ्या आहेत. ठिबकची कंपनी आमच्या शेजारच्या हात्सेरिम किबुत्सात (सामुदायिक शेतीवस्तीत) 1965 मध्ये स्थापन झाली. एकमेकांकडून शिकायला दोघांकडे भरपूर आहे. आणि बांगड्याच्या कालवणाबरोबर मारावी किती छान लागते हे मी स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहिलंय, त्यासाठी पारखी असावं लागत नाही.

माझी मागणी एकच आहे, आणि ती खर्चाची नाही. निर्यातीच्या प्रत्येक चांगल्या बाटलीवर बागेचं नाव, जवळच्या गावाचं नाव आणि उंची छापा. शिक्का राहू द्या, तो माझाही आहे, पण मागच्या बाजूला. आणि लंडन, न्यूयॉर्क, मुंबईतल्या तुमच्या वितरकाला अट घाला की दहातल्या निदान तीन बाटल्या कोशेर दुकानाच्या बाहेर, साध्या वाइनच्या दुकानात ठेवल्या गेल्या पाहिजेत.

हिवाळ्यात छाटणी सुरू होईल. निवृत्त झालो तरी त्या आठवड्यात मी बागेत जातो, नव्या पोरांना काडीवरचे डोळे मोजायला शिकवतो. तुमच्या विक्री खात्यातल्या कुणी एकाने त्या वेळी यावं. कात्री मी देईन, दुपारचं जेवण घरचं असेल. जाताना त्याने बागेच्या फाटकावरची पाटी तेवढी लिहून न्यावी. तेच नाव मला बाटलीवर हवं आहे.

आपला नम्र,
द्राक्षबागेतला एक निवृत्त बेने इस्राएल कामगार
दिमोना, नेगेव